बँकेच्या ढिगातलं नाणं

१८ सप्टेंबर, बुधवार. आदल्या संध्याकाळी गणपती बुडवून झाले होते आणि मंडळाच्या हॉलमध्ये दानपेटीची चिल्लर मोजायची होती. ती मोजायची, कागदात गुंडाळून रोल करायचे आणि बँकेत भरून यायचं. हे काम माझं. दर वर्षी माझंच.

मी नऊला पोचले. उज्जैनच्या माधव नगरातल्या त्या हॉलचं मागचं दार उघडं होतं. आत शैलाताई, मंडळातल्या सगळ्यात वयस्कर काकू आणि आणखी दोघी जणी जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये तांब्याची परात. परातीत दूध घातलेलं पाणी आणि त्यात एक-एक रुपयाची नाणी. काकू नाणं काढायच्या, पुसायच्या, वर अक्षता आणि दूर्वांची जुडी ठेवून पुढे सरकवायच्या. शैलाताई ते लाल कापडाच्या तुकड्यात ठेवून दोऱ्याने बांधायच्या. बांधलेल्या पुड्या सुपात रचलेल्या होत्या.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्यांच्यात जाऊन बसले. परातीत हात घालून एक नाणं उचललं.

कुणी ओरडलं नाही. काकूंचा हात तेवढा थांबला.

"अहो, राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं तिकडे आहे."

तिकडे म्हणजे दाराजवळ. तिथे चादर पसरून पेटीतली चिल्लर ओतून ठेवली होती.

"असू दे काकू. करते की थोडं, हात रिकामेच आहेत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शैलाताईंकडे पाहिलं.

"शैला, तेवढं बँकेच्यात टाक."

शैलाताईंनी हात पुढे केला. मी नाणं दिलं. मला वाटलं, आता बांधतील. त्या उठल्या, दाराजवळ गेल्या आणि ते नाणं चादरीवरच्या ढिगात टाकून परत आल्या. नॅपकिनला हात पुसला आणि बसल्या. तोवर दुसऱ्या दोघींपैकी एकीने परात उचलली होती. पाणी मोरीत ओतलं. पिशवीतलं दूध घातलं, नवं पाणी घातलं. नाणी पुन्हा धुवायला घेतली.

एवढंच झालं.

सांगायला गेलं तर काहीच झालं नाही असं वाटावं, इतकं नीटनेटकं. सगळ्यांना आपापलं काम माहीत होतं. कुणाला कुणाला विचारावं लागलं नाही. मला सगळ्यात आधी तेच लक्षात आलं. अशी सफाई एका दिवसात येत नाही.

त्या पुड्या कसल्या, ते सांगते. आमच्या मंडळात चाल आहे. दहा दिवस गणपतीसमोर आरतीच्या ताटात पडलेली नाणी विसर्जनानंतर घरोघर वाटायची. लाल कापडात बांधलेला एक रुपया. बरकतीची पुडी म्हणतात. ती ज्याने त्याने तिजोरीत ठेवायची, दुकानवाल्याने गल्ल्यात, नोकरीवाल्याने कपाटात. शिंद्यांच्या काळी ज्यांचे खापरपणजे इकडे कारकून म्हणून आले त्यांच्या घरात ही पुडी जाते, आणि काल बदली होऊन नानाखेड्यात भाड्याने राहायला आलेल्या बँकवाल्याच्या घरातही जाते. उज्जैनमधली मराठी माणसं वर्षभर हिंदीत भांडतात, हिंदीत भाजी घेतात. या पुडीपुरती मराठी होतात.

मलाही पुडी मिळायची. शैलाताई स्वतः आणून द्यायच्या.

दानपेटीची चिल्लर वेगळी. ती बँकेत जाते. आणि ती मोजायची माझ्याकडे आली त्याचं कारण साधं होतं, असं मी समजत होते. मी सरकारी कचेरीत कॅशियर आहे. बिल भरणाऱ्यांची रांग दिवसभर माझ्या खिडकीपुढे असते. पैशाला हात लावण्याचा मला पगार मिळतो. शैलाताईंची माझी ओळखही त्या खिडकीवरच झाली. बिल भरायला आल्या, माझ्या टेबलावर मराठी दिनदर्शिका दिसली, म्हणाल्या, "अगं, तू आपल्यातली? मग मंडळात कशी दिसली नाहीस?"

आपल्यातली. हा शब्द मी घरी घेऊन गेले होते.

आमची जात चांभार. वडील भुसावळकडून रेल्वेत आले, गँगमन होते. मी रेल्वे कॉलनीत वाढले. तिथे एका नळावर सगळे पाणी भरायचे आणि सगळेच एकमेकांना शिव्या द्यायचे. जातीवरून कुणी मला वेगळं बसवल्याचं मला आठवत नाही. शिवाशिव ही वडिलांच्या गावची गोष्ट, असं मी धरून चालले होते. मंडळात जायला लागले तेव्हा वडील होते. त्यांनी एकच विचारलं. "कुठवर आत घेतात?" मी चिडले होते. म्हटलं, बाबा, हॉल आहे तो, घर नाही. आत-बाहेर काय त्यात. मला वाटलं, म्हातारा माणूस, जुनं डोक्यात आहे.

चिल्लर मोजायची म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला कळत नाही. हात काळे होतात. वास नखांत राहतो. कुंकू, तेल, उदबत्तीची राख, सगळं नाण्यांना चिकटलेलं. पेटीत लोक काय वाटेल ते टाकतात. आमच्याकडे बाजारात छोटा एक रुपया कुणी घेत नाही. दुकानदार म्हणतो, "ये नहीं चलता." भाजीवाली परत करते. सरकारने बंद केलेला नाही, तरी चालत नाही. मग तो सगळा देवाच्या पेटीत येतो. मी तो वेगळा काढायची, दोनाचे वेगळे, पाचाचे वेगळे, दहाचे वेगळे. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून रोल करायची, टोकं आत दाबायची, वर पेनाने किंमत लिहायची. पाठ दुखायची. मला आवडायचं. खोटं कशाला सांगू. इतक्या लोकांचा पैसा माझ्या एकटीपुढे ओतून ठेवतात, समोर कुणी बसत नाही, मागून कुणी मोजत नाही. मी याला विश्वास म्हणायची.

आणि आणखी एक करायची. पेटीच्या चिल्लरीतून मोठे, नवे, चकचकीत एक रुपये निवडायची. चिंचेने घासायची, कोरडे करायची, स्टीलच्या डब्यात भरून शैलाताईंना द्यायची. आरतीच्या ताटात पडलेली नाणी पुड्यांना पुरत नाहीत, हे त्यांनीच पहिल्या वर्षी सांगितलं होतं. "मग पेटीतले घ्या ना," मी म्हटलं होतं. "दे की काढून," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी. संध्याकाळी पुडी हातात आली की मला वाटायचं, शहरातल्या कुठल्या कुठल्या घरांत आज मी घासलेला रुपया गेला असेल.

शैलाताई दर वर्षी फोन करायच्या. "अकरानंतर ये हं. तोवर आम्ही केर-वारा करून घेतो." मी अकरानंतर जायची. या वर्षी बँकेने सांगितलं, चिल्लर साडेदहाच्या आत आणा, नंतर घेणार नाही. म्हणून मी नऊला गेले. फोन केला नाही. आपल्याच मंडळात जायला फोन कशाला करायचा.

तर मी त्या परातीपाशी बसलेली होते आणि माझ्या बोटांना दुधाचं पाणी लागलेलं होतं.

मी सुपातल्या पुड्यांकडे पाहिलं. मी अजून एकही नाणं निवडलं नव्हतं, घासलं नव्हतं, आणि पुड्या बहुतेक बांधून झाल्या होत्या.

मी विचारलं, "शैलाताई, मी डब्यात देते त्या नाण्यांचं तुम्ही काय करता?"

"अगं, असं काय विचारतेस."

"सरळ विचारते. काय करता?"

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. दाताने दोरा तोडला. मग म्हणाल्या, "दुकानात वापरतो. यांना मेडिकलमध्ये सुट्टे लागतातच की. बदल्यात नोटा मंडळात जमा करते मी. एका रुपयाचा घोळ नाही. हवं तर हिशेब बघ."

मला हिशेब बघायचा नव्हता. मला माहीत होतं, घोळ नसणार. शैलाताई तशा नाहीत. पैशाच्या बाबतीत त्या चोख आहेत.

"म्हणजे माझी नाणी पुड्यांत कधीच गेली नाहीत."

दुसऱ्या दोघींपैकी एक उगाच दूर्वा निवडायला लागली.

"पहिल्या वर्षीही नाही?"

"तू मनाला लावून घेऊ नकोस," शैलाताई म्हणाल्या. "काकूंचं सोवळं असतं. वय झालंय त्यांचं. त्यांच्या हयातीपुरतं आपण चालवून घ्यायचं. मी तुला कधी कळू दिलं का? इतकी वर्षं तुला जपलंच ना मी?"

काकू एवढा वेळ नाणं पुसत होत्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमचा अपमान कुणी केला नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. मोठी रक्कम आम्ही तुमच्याच हाती देतो. हे देवाचं आहे. लोकांच्या घरात जातं."

"आणि पेटीतलं?"

"ते बँकेत जातं. बाजारात जातं. त्याला काय."

मला तिथेच सगळं समजलं. इतकं सोपं होतं की मला आधी समजलं नाही याची चीड आली. मला मोजायला दिलं ते मला मोजता येतं म्हणून नाही. ते बाहेर जाणारं होतं म्हणून. जे घरात येणार नव्हतं, त्याला मी कितीही हात लावावा. बँकेच्या ढिगात माझा हात चालत होता, कारण बँकेच्या ढिगात सगळ्या जगाचा हात लागलेला असतो. आणि मी तिथे चादरीवर मांडी घालून, पाठ मोडेपर्यंत, विश्वास विश्वास म्हणत बसले होते.

काकूंचा मला राग आला, पण तो वरवरचा होता. त्यांनी मला कधी आपल्यातली म्हटलं नव्हतं. त्या पहिल्यापासून मला 'बाई' म्हणत आल्या आणि दोन हात लांब बसत आल्या. मला ते म्हातारपणाचं वाटायचं. शैलाताई माझ्या घरी जेवल्या आहेत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या उशाशी बसून होत्या. आमच्या दोघींच्या साड्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या आहेत. आणि त्यांनी दर वर्षी माझ्याकडून डबा घेतला, "किती लख्ख केलीस गं" म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या गल्ल्यात ओतला. संध्याकाळी पुडी घेऊन हसत दारात आल्या.

मी शैलाताईंना विचारलं, "तुमच्या स्वतःच्या तिजोरीत माझ्या हातचा रुपया ठेवला असतात?"

"आमच्याकडे सासूबाई आहेत, तुला माहितीये," त्या म्हणाल्या.

"मी तुमचं विचारलं."

त्यांनी खाली बघून पुढची पुडी बांधायला घेतली. हे उत्तर होतं.

मी उठले. सूप उचललं, दाराजवळ नेलं आणि सगळ्या पुड्या चादरीवर उलट्या केल्या. मग परात. परात जड होती. ती वाकडी करून पाणी मोरीत सोडलं आणि नाणी ढिगावर ओतली. काकू "अगं, अगं" म्हणत उठायला गेल्या, गुडघ्यांमुळे उठता आलं नाही. दुसऱ्या दोघी भिंतीशी सरकल्या. शैलाताईंनी माझं मनगट धरलं.

"काय करून राहिलीस तू? पागल झालीस का?"

"चिल्लर मोजतेय," मी म्हणाले. "हात सोडा. साडेदहाच्या आत पोचायचं आहे."

त्यांनी सोडला.

मी चादरीवर बसले आणि एकेक पुडी सोडायला लागले. बँक दोरा आणि दूर्वांसकट नाणी घेत नाही. लाल कापडं एका बाजूला, अक्षता एका बाजूला. त्या चौघी बघत होत्या. माझ्या पिशवीत आदल्या रात्री कापलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या. मी एक-एकचे रोल केले. कुठलं नाणं ताटातलं आणि कुठलं पेटीतलं, हे आता कुणालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

काकू तेवढ्यात एकदा म्हणाल्या, "या वर्षी लोकांच्या घरी काय द्यायचं?"

मी रोलची टोकं आत दाबली. तो प्रश्न माझा नव्हता.

दोन पिशव्या भरल्या. ई-रिक्षावाल्याने एक उचलून पाहिली. "आंटीजी, इसमें लोहा भरा है क्या?" मी म्हटलं, "गणपति हैं. सँभाल के रख."

बँकेतला कॅशियर मला ओळखतो. "मैडम, आपके गणेशजी हर साल वजन बढ़ा लेते हैं," तो म्हणाला. मी पावती भरली. मंडळाचं खातं, मंडळाचं नाव, भरणाऱ्याच्या सहीच्या जागी माझी सही. त्याने रोल फोडून नाणी मशीनमध्ये सोडायला घेतली. एका रोलपाशी थांबला. बोटांचा वास घेऊन पाहिला.

"ये गीले हैं. दूध की बास आ रही है."

"धोए हैं."

"धोने की क्या जरूरत थी? अपने यहाँ सब चलता है. बस नकली न हों."

मशीनमध्ये सगळी नाणी एकदम पडली. माझ्यामागे काउंटरवर एक बसवाला आपली थैली घेऊन उभा होता, त्याच्यामागे चहावाला. त्यांचीही त्याच मशीनमध्ये जाणार होती. मी पावतीवर शिक्का मारून घेतला, फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पेटी आणि ताट, दोन्ही मिळून.' मग कचेरीत गेले. अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, अर्धा दिवस काम केलं.

ग्रुपवर दुपारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने लिहिलं, "पुडी केव्हा मिळेल?" त्याच्याखाली दुसऱ्याने हात जोडलेलं चित्र टाकलं.

घरी ह्यांना सांगितलं. हे दोन मिनिटं टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता. मग म्हणाले, "मला तर आत्तापर्यंत वाटत होतं, तुला माहीत असेल." मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "माहीत असं नाही. अंदाज होता. मला कुणी कधी आरतीचं ताट धरायला दिलं नाही. मी मागायला गेलो नाही." मग म्हणाले, "जाऊ दे आता. इथेच राहायचंय आपल्याला." मी भाजी चिरत होते. ती चिरून घेतली.

दिवेलागणीला शैलाताई आल्या. हातात ढोकळ्याचा डबा. नेहमीसारख्या आत आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

"काकूंनी सकाळपासून पाणी घेतलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"त्यांना प्यायला सांगा."

"तू असं नको बोलू गं. तू अशी नाहीस." "बघ, मी सगळ्यांना समजावलंय. तुझ्याकडून चुकून परात लवंडली, असं म्हणू. सगळं पाण्यात मिसळलं, मग तू बँकेत नेलं. तू फक्त काकूंना एक फोन कर. सॉरी म्हण. बस."

"परात लवंडली नाही. मी लवंडवली."

"मला माहितीये. पण रविवारी सभा आहे. कोषाध्यक्ष म्हणून मी तुझं नाव सुचवलंय. किती जणांना पटवलं मी त्यासाठी, तुला कल्पना नाही. मंडळाच्या इतक्या वर्षांत तुमच्यातलं कुणी पदावर आलेलं नाही. तू पहिली असशील. हे असं वाया घालवू नकोस."

तुमच्यातलं.

मी हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसले. खरं सांगते, ते पद मला हवं होतं. दोन वर्षांपासून हवं होतं. हॉलमध्ये पदाधिकाऱ्यांची पाटी आहे, तिच्यावर आपलं नाव यावं असं मनात होतं. वडील असते तर त्यांना नेऊन दाखवली असती. त्या क्षणी मी ते पद डोळ्यांपुढे आणून नीट पाहिलं. कोषाध्यक्ष काय करतो? पैसा बँकेत नेतो. चेकवर सही करतो. मंडपवाल्याचं, वाजंत्र्यांचं बिल देतो. सगळा बाहेर जाणारा पैसा. अख्खी तिजोरी ते माझ्या हाती द्यायला तयार होते. ताटातला एक रुपया नाही.

"शैलाताई, कोषाध्यक्षाने परातीत हात घातला तर पाणी बदलाल का?"

"तू पुन्हा तेच."

"बदलाल का?"

"काकू आहेत तोवर..."

"काकू गेल्यावर?"

त्यांनी डोळे पुसले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. मी त्यांना ओळखते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर माया केली आणि मी ती उधळली. म्हणाल्या, "मी नसते तर तुला त्या हॉलमध्ये पाऊल ठेवता आलं नसतं. तुझ्यासाठी मी किती खोटं बोलले असेन, मोज तू."

"ते तुम्ही मोजा," मी म्हणाले.

त्या गेल्या. ढोकळ्याचा डबा मी त्यांच्या हातात परत दिला. जिन्यावरून म्हणाल्या, "पश्चात्ताप होईल तुला." मी दार लावलं.

रात्री जेवून मी जेवणाच्या टेबलावर अर्ज लिहिला. हिंदीत, कारण वाचणारा हिंदीत वाचणार. कोण, कुठे, किती वाजता, कुणासमोर. काय बोललं गेलं, ते जसंच्या तसं. परातीतलं पाणी कुणी ओतलं. 'भावना दुखावल्या' असलं काही लिहिलं नाही. भावनांचा अर्ज नव्हता तो. हे मागून वाचत उभे होते. म्हणाले, "शैलाताईंचं नाव कशाला? त्यांनी तर तुझ्यासाठी..." मी मान वर करून पाहिलं, तेव्हा थांबले. मग आत गेले आणि माझं जातीचं प्रमाणपत्र शोधून आणून टेबलावर ठेवलं.

सकाळी मी रोजच्यासारखी आवरून निघाले. कचेरीत जायच्या आधी अजाक थान्यात गेले. आमच्याकडे अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारींसाठी हे वेगळं ठाणं असतं. इतकी वर्षं त्याच्या पाटीखालून मी स्कूटीवर गेले आहे. पाटी दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून.

आतला मुन्शी, म्हणजे तक्रारी लिहून घेणारा हवालदार, माझ्याहून लहान होता. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला. चहा सांगू का, विचारलं. मी नको म्हटलं.

"मैडम, इन्होंने आपकी जाति का नाम लिया था?"

"नहीं."

"गाली?"

"नहीं. सब 'आप' करके बोलते हैं."

त्याने पेन खाली ठेवलं. "फिर तो केस मुश्किल होगा. नाम लिया होता तो बात अलग थी."

"इतने साल में एक बार भी नाम नहीं लिया," मी म्हणाले. "मेरा छुआ सिक्का अलग किया और पानी बदला. वही लिखा है. आप दर्ज कीजिए, मुश्किल बाद में देखेंगे."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल लावत होतं. मग त्याने रजिस्टर ओढलं.

"बड़ी उमर की हैं वो काकीजी. पहला नाम उन्हीं का लिखूँ?"

"नहीं," मी म्हणाले, आणि शैलाताईंचं पूर्ण नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, पत्त्यासकट. त्याने लिहिताना स्पेलिंग चुकवलं. मी ते दुरुस्त करायला लावलं.